वीरगळ आणि नामावली : एकसरच्या स्मृतिशिळांचे पुनर्वाचन

१

बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या बाजूला असलेल्या एकसर ह्या जुन्या गावातील वीरगळ महाराष्ट्राच्या इतिहासाभ्यासकांना अपरिचित नाहीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतील ठाणे जिल्ह्याच्या खंडांत (१८८२) ह्या सहा शिळांचे सविस्तर वर्णन आले आहे. त्यांतील चार शिळा सुमारे दहा फूट उंच व तीन फूट रुंद असल्याची आणि त्या एका तळ्याच्या काठी, आमराईत उभ्या असल्याची नोंद तेथे सापडते. आमराई आणि तळ्याचे ते गाव आज बोरिवलीच्या दाट वस्तीत मिळून गेले आहे. शिळांचा उल्लेख मात्र त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक पिढीने केला आहे.

हे उल्लेख तपासले असता एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. एकसरच्या शिळांकडे अभ्यासक दोन हेतूंनी वळले. पहिला हेतू राजकीय इतिहासाचा. काही शिळांवर समुद्रातील युद्ध कोरलेले असल्याने ते युद्ध कोणते, हा प्रश्न उपस्थित झाला व त्याचे उत्तर बहुधा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील अखेरचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव ह्यांच्या संघर्षात शोधण्यात आले. दुसरा हेतू नौकानयनाच्या इतिहासाचा. उंच नाळेच्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या आणि धनुर्धरांनी भरलेल्या ह्या नावा मध्ययुगीन कोकणातील जहाजबांधणीविषयी बोलू शकतात, म्हणून त्यांचे मोल. हे दोन्ही हेतू योग्यच होत. तथापि ज्या कारणासाठी ह्या शिळा घडविल्या गेल्या, त्या कारणाचा विचार दोहोंतही मागे पडला. एकसरच्या शिळा मृतांसाठी उभारलेल्या आहेत. एखाद्या वस्तीने, घराण्याने किंवा सैन्याने आपल्या मृतांविषयी काय सांगायचे ठरविले आणि काय सांगायचे टाळले, ह्याचे ते साधन आहे. लढाईचा पुरावा म्हणून त्यांचे वाचन झाले. स्मारक म्हणून ते व्हावयाचे आहे.

असे वाचन तुलनेवाचून शक्य नाही. युद्धमृतांची गावोगावची स्मारके हा विषय यूरोपात, विशेषतः जर्मनीत, मोठ्या बारकाईने अभ्यासिला गेला आहे. तेथील गावात चर्चच्या आवारात किंवा चव्हाट्यावर उभा असलेला नामस्तंभ आणि कोकणातील वीरगळ ह्यांत बाह्यतः काहीच साम्य नाही. परंतु मृताचे काय जतन करावयाचे, हा दोघांपुढील प्रश्न एकच आहे. मृताची कृती, त्याचे नाव, की केवळ त्याची मोजदाद? ह्या तीन पर्यायांच्या प्रकाशात एकसरच्या शिळांचा विचार केला असता त्यांचे सामर्थ्य जसे उमगते, तशी त्यांची मर्यादाही स्पष्ट होते.

२

‘वीरगळ’ ह्या शब्दातील उत्तरपद कानडी ‘कल्लु’, म्हणजे दगड, ह्यावरून आलेले आहे. गुजरातेत अशाच शिळांना ‘पाळिया’ म्हणतात. महाराष्ट्रातील वीरगळाची मांडणी बहुतांशी ठरलेली असते. शिळेचे वाचन खालून वर करावयाचे. सर्वांत खालच्या पटात वीराचे युद्ध व पतन; त्यावरील पटात अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असल्याचे दृश्य; त्याहून वर वीर शिवलिंगाची पूजा करीत असलेला; आणि माथ्यावर बहुधा चंद्र-सूर्य व कलश. ते असेतो वीराची कीर्ती टिकेल, हा चंद्र-सूर्यांचा आशय दानशासनांतील ‘आचंद्रार्क’ ह्या शब्दाशी जुळणारा आहे.

एकसरच्या शिळा ह्याच परंपरेतील असल्या तरी त्यांत पटांची संख्या आणि प्रसंगांची घनता असामान्य आहे. सामान्य वीरगळात एक वीर व दोनतीन शत्रू एवढ्यांत युद्ध आटोपते. येथे नावांच्या रांगा, वल्ही मारणारे, शरसंधान करणारे आणि पाण्यात पडणारे असा समूह दिसतो. शिल्पकाराला एकट्या वीराचे चरित्र सांगण्याची चाकोरी ठाऊक होती. सैन्याची कथा सांगण्याची चाकोरी मात्र त्याला स्वतः घडवावी लागली. त्याने काढलेला मार्ग असा : खालच्या पटांतील गर्दी वर चढता चढता विरळ होत जाते आणि शिवलोकाच्या पटात वीराची वैयक्तिक आकृती पुन्हा प्रकट होते. समुदायाचे युद्ध आणि एकाचे मोक्षपद, असा हा क्रम आहे. उरलेल्या मृतांचे काय, ह्याचे उत्तर शिळा देत नाही.

येथेच ऐतिहासिक अन्वयाची अडचण उपस्थित होते. महादेव यादवाचा श्रीकरणाधिप हेमाद्री ह्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील राजप्रशस्तीत सोमेश्वराच्या शेवटाचा काव्यमय उल्लेख आहे. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा समुद्रातील वडवानल बरा, असे मानून तो सागरात बुडाला, असा त्याचा आशय. ही घटना १२६५ च्या सुमारास घडली असे मानले जाते. एकसरच्या समुद्रयुद्धाची सांगड ह्या प्रसंगाशी घालणे स्वाभाविक असले, तरी ती सांगड अनुमानाचीच आहे हे विसरता येत नाही. वीराचे नाव, राजाचे नाव किंवा शक देणारा आधार शिळांवरून मिळत नाही. मुख्य म्हणजे, सांगड मान्य केली तरी ह्या शिळा कोणाच्या मृतांच्या, विजयी यादवांच्या की पराभूत शिलाहारांच्या, ह्याचा निर्णय शिळेवरील चित्रावरून होत नाही. प्रशस्ती जेत्याने लिहिविली. तिच्यात कोण हरले हे निःसंदिग्ध आहे. वीरगळाच्या भाषेत मात्र हरलेला आणि जिंकलेला असा भेद करण्याची सोयच नाही. रणात पडलेला प्रत्येक जण वरच्या पटात पोहोचतो.

हा दोष नसून त्या भाषेचा मूळ संकेतच आहे, असे प्रथमदर्शनी म्हणावेसे वाटते. आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु नावाचा अभाव हा वीरगळ ह्या प्रकाराचा अपरिहार्य धर्म नव्हे. कर्नाटकातील असंख्य वीरगळांवर कानडी लेख आहेत. गावची गुरे सोडविताना अमुक गावचा अमुक जण पडला, तेव्हा अमुक राजा राज्य करीत होता, आणि सांडलेल्या रक्ताबद्दल त्याच्या कुटुंबाला अमुक जमीन दिली, इतका तपशील त्यांतून मिळतो. तेथे शिळा हे एकाच वेळी स्मारक आणि दस्तऐवज असते. मृताबद्दल जिवंतांनी पत्करलेले कर्तव्य तिच्यावर नोंदलेले असते. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ निर्लेख आहेत. धारवाड येथून १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एस. शेट्टर व गुंथर सोन्थायमर ह्यांनी संपादिलेल्या ‘मेमोरियल स्टोन्स’ ह्या ग्रंथाने भारतातील स्मृतिशिळांचा विचार प्रथमच इतक्या व्यापक पायावर आणला. महाराष्ट्रातील लोकदैवतांचा आयुष्यभर अभ्यास करणारे सोन्थायमर (१९३४-१९९२) हे जर्मन विद्वान होते, हा योगायोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. रणात पडलेला पुरुष कालांतराने दैवत कसा होतो, ही प्रक्रिया त्यांच्या अभ्यासक्षेत्राच्या केंद्रस्थानी होती. एकसरला हीच प्रक्रिया घडली आहे. नाव नसल्यामुळे वीराचा देव होण्याच्या वाटेत कोणतीच अडचण उरली नाही.

३

यूरोपातही सामान्य सैनिकाचे नाव दगडावर येण्याचा इतिहास फार जुना नाही. शतकानुशतके स्मारके राजांची व सेनापतींची होत. नेपोलियनविरुद्धच्या संग्रामात, ५ मे १८१३ रोजी, प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म ह्याने एक आज्ञा काढली. प्रत्येक चर्चमध्ये त्या त्या भागातील धारातीर्थी पडलेल्यांची नावे असलेला पट्ट लावावा, असे तिच्यात म्हटले होते. ह्या आज्ञेने स्मरणाचे स्थान राजधानीतून गावाकडे आणि सेनापतीकडून शिपायाकडे सरकले. १८७०-७१ च्या युद्धानंतर असे पट्ट व स्तंभ वाढले, आणि १९१८ नंतर तर नामस्तंभ नाही असे जर्मन गाव क्वचितच राहिले. त्या युद्धात जर्मनीचे सुमारे २० लाख सैनिक मृत्यू पावले. बहुतेकांचे देह परदेशच्या मातीत राहिले. घरच्या माणसांना दहनाची वा दफनाची जागा उरली नाही. गावातील दगड हीच कबर झाली.

ह्या स्तंभांचे कलादृष्ट्या परीक्षण केले तर त्यांतील बहुतेक सामान्य प्रतीचे ठरतील. शिरस्त्राण, तलवार, ओकची पाने, लोहक्रूस, कधी एखादा सिंह, ही त्यांची ठरीव सामग्री. परंतु त्यांचा खरा आशय ह्या अलंकारांत नाही. तो खालच्या यादीत आहे. आडनावांच्या किंवा मृत्युदिनांच्या क्रमाने, बहुधा एकाच मापाच्या अक्षरांत कोरलेली ही यादी वाचताना एकाच आडनावाची तीन-चार नावे लागोपाठ येतात आणि एका घराची कथा कोणत्याही शिल्पावाचून कळते. वीरगळ खालून वर वाचावयाचा. मृताला तो गावातून उचलून शिवलोकी नेतो. नामावली ओळीमागून ओळ वाचावयाची. मृताला ती गावातच, त्याच्या भावाशेजारी आणि शेजाऱ्याशेजारी ठेवते. पहिल्या प्रकारात मृत्यूचे रूपांतर होते, दुसऱ्यात मृत्यूची नोंद होते.

ह्या दोन प्रवृत्तींचा संघर्ष जर्मन स्तंभांतच दिसतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वरचा अलंकार वीरगळाची भाषा बोलू पाहतो. खालची यादी ती भाषा फेटाळते. १९१८ च्या पराभवानंतर हे मरण कशासाठी, ह्या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण झाले, तेव्हा वरचा भाग अधिकच आवेशपूर्ण होऊ लागला. ह्याउलट, मोजक्या कलावंतांनी तो भागच बदलला. केटे कोलविट्झ हिचा पुत्र पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये पडला. त्याच्या दफनभूमीसाठी तिने घडविलेले शिल्प १९३२ मध्ये बेल्जममध्ये बसविले गेले. त्यात वीर नाही, शस्त्र नाही. केवळ गुडघे टेकून बसलेले आईबाप आहेत. वीरगळात ज्याला स्थान नाही, तो शोक करणारा जिवंत माणूस येथे स्मारकाचा विषय झाला. आपल्याकडे सतीशिळेत मागे राहिलेली स्त्री दिसते खरी, परंतु तिलाही वरच्या पटात न्यावयाचे असते. तिच्या दुःखाला तेथे थांबण्याची मुभा नाही.

नामावलीचा हा विचार मुंबईला परका नाही. मस्जिद बंदर येथील इंडियन सेलर्स होम ही वास्तू, पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या हिंदी खलाशांच्या स्मरणार्थ, १९३१ मध्ये उघडण्यात आली. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मरण तेथे नामनिर्देशाने केले आहे. दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक खलाशांची नावे एका ग्रंथात नोंदलेली असून त्याची प्रत चितगाव येथेही आहे. कोकण, गोवा, सिल्हेट अशा प्रदेशांतून आलेल्या ह्या लष्करी व व्यापारी जहाजांवरील माणसांपैकी अनेकांनी बॉयलरच्या खोलीत किंवा भटारखान्यात आयुष्य काढले होते. त्यांच्या मृत्यूचे चित्र कोणी कोरले नाही. एकसरच्या नावेत मेलेल्याचे चित्र आहे आणि नाव नाही; मस्जिद बंदरच्या खलाशाचे नाव आहे आणि चित्र नाही. एकाच बेटसमूहाच्या किनाऱ्यावर, सुमारे सात शतकांच्या अंतराने, समुद्रात हरवलेल्यांसाठी जमिनीवर ठेवलेल्या ह्या दोन खुणा परस्परांच्या उणिवा दाखवितात.

४

कृती आणि नाव ह्यांखेरीज तिसरा पर्याय संख्येचा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील अनेक गावांत लहान पाट्या बसविल्या. ह्या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांचा मजकूर. साताऱ्याजवळील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ ह्या नावानेच ओळखले जाते. त्या युद्धात तेथील ४६ जण कामी आले, ही संख्या आजही सांगितली जाते. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी लढल्या. कूतच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) त्यांनी उपासमार सोसली. त्या मोहिमेचे जे स्मारक बसरा येथे उभारले गेले, त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली गेली. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात, पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० आशियाई व आफ्रिकी मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, हे मान्य करण्यात आले.

संख्या म्हणजे अपरिहार्यपणे उपेक्षा, असे मात्र समजण्याचे कारण नाही. हँबुर्ग शहराच्या नगरगृहाजवळ १९३१ मध्ये उभारलेल्या स्तंभावरही संख्याच आहे. शहराच्या चाळीस हजार पुत्रांनी प्राण दिले, एवढेच तो सांगतो. आणि मागील बाजूस एर्न्स्ट बार्लाखने कोरलेली माता व तिला बिलगलेले मूल आहे. चाळीस हजार नावे एका स्तंभावर मावत नाहीत. तेथे संख्या शब्द खुंटल्याची खूण आहे, आणि त्या संख्येच्या पाठीशी एक शोकाकुल चेहरा उभा आहे. ४६ नावे मात्र एका पाटीवर सहज मावतात. ती कोरली गेली नाहीत, ह्याचे कारण दगडाची लांबी-रुंदी नव्हे. ज्या शासनाला गावाने दिलेल्या माणसांचा हिशेब हवा होता, त्याने हिशेब कोरला. स्मारकाचा आकार हा उभारणारा आणि मृत ह्यांमधील नात्याची साक्ष देतो, हा सिद्धान्त येथे स्पष्ट होतो.

ह्या कसोटीवर एकसरचे स्थान कोठे? तेथे हिशेब नाही. मृताविषयी आदर उघड आहे, आणि तो श्रमाने व खर्चाने व्यक्त झाला आहे. दहा फुटांची शिळा घडविणे हे साध्या कुटुंबाचे काम नव्हते. ह्यावरून स्मृत वीर नायक-सामंतांच्या दर्जाचे असावेत, असा तर्क संभवतो. तसे असेल तर वल्ही मारणारे हात ह्या शिळांवर केवळ प्रसंग पूर्ण करण्यासाठी आले आहेत. वीरगळाला लोकशाहीपूर्व काळातील सामान्य माणसाचे स्मारक म्हणून गौरविण्याची प्रवृत्ती अलीकडे बळावली आहे. गावाच्या वेशीवरच्या लहान, ओबडधोबड वीरगळांविषयी ती सार्थ असेल. एकसरविषयी ती सावधपणेच स्वीकारली पाहिजे. तेथील नावाड्याला चित्र मिळाले, पण स्मरण मिळाले की नाही, हे सांगता येत नाही.

५

स्मारक उभारणाऱ्यांचा हेतू त्यांच्याबरोबर संपतो. पुढे त्या दगडाचे काय करावयाचे, हे त्याच्या भोवती राहणारी माणसे ठरवितात. ह्या उत्तरायुष्याचा विचार केल्याशिवाय स्मारकाची समीक्षा पुरी होत नाही.

जर्मन गावांपुढे हा प्रश्न १९४५ नंतर विलक्षण तीव्रतेने उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे पन्नास लाखांहून अधिक सैनिक मेले. आणि ते ज्या राजवटीसाठी लढले तिचे अपराध जगापुढे होते. मुलाचा शोक करावयाचा, पण त्याच्या युद्धाचा गौरव करावयाचा नाही, ह्यासाठी कोणतीच भाषा तयार नव्हती. पुष्कळ गावांनी जुन्याच दगडावर १९३९-१९४५ ही सालें आणि नवी नावे जोडली. यादी लांबली, वरचे शिरस्त्राण तसेच राहिले. नाझी राजवटीत ‘वीरस्मरणदिन’ बनलेला शोकदिन १९५२ पासून नोव्हेंबरात पाळला जाऊ लागला, आणि त्यात युद्धाबरोबरच जुलूमशाहीच्या बळींचेही स्मरण होऊ लागले. हँबुर्गचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. बार्लाखची माता नाझींनी काढून टाकली. १९४९ मध्ये ती पुन्हा कोरण्यात आली. त्याच शहरात १९३६ मध्ये, ७६ व्या पलटणीसाठी, संचलन करणाऱ्या सैनिकांच्या रांगा कोरलेला एक अवजड ठोकळा उभारला गेला होता. तो पाडावा की ठेवावा, ह्यावर दीर्घ वाद झाला. अखेर तो ठेवून १९८५-८६ मध्ये त्याच्यासमोर आल्फ्रेड ह्रड्लिच्का ह्याचे युद्धाची भीषणता दाखविणारे शिल्प, आणि २०१५ मध्ये सैन्य सोडून गेल्याबद्दल देहदंड भोगलेल्यांचे स्मारक उभारण्यात आले. जुन्या दगडाला नव्या दगडाने दिलेले हे उत्तर होय.

ह्या संदर्भात नावांचे एक अनपेक्षित सामर्थ्य ध्यानात येते. पहिल्या महायुद्धात सुमारे १२,००० ज्यू सैनिक जर्मनीसाठी मेले. त्यांची नावे गावोगावच्या स्तंभांवर शेजाऱ्यांच्या नावांबरोबर होती. पुढे त्यांच्याच बांधवांना परके ठरविणाऱ्या राजवटीला ही नावे अडचणीची झाली, आणि काही ठिकाणी ती खोडण्यातही आली. जी यादी राष्ट्राच्या गौरवासाठी कोरली गेली, तीच राष्ट्राविरुद्ध साक्षीला उभी राहिली.

महाराष्ट्रात ह्याचे सर्वांत प्रभावी उदाहरण भीमा कोरेगावच्या स्तंभाचे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या विजयासाठी तो उभारला. त्याची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. मृत शिपायांची जी ४९ नावे तेथे आहेत, त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हे पद येते. ती महार शिपायांची नावे होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे ह्यांच्यासारख्या नेत्यांनी सरकारकडे केलेल्या अर्जांत ह्या नावांचा आधार घेतला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या स्तंभाला भेट दिली, आणि परकी सत्तेचा विजयस्तंभ हा एका दडपलेल्या समाजाच्या आत्मसन्मानाचे स्थान झाला. कंपनीचा हेतू केव्हाच मावळला. नावे उरली, आणि त्यांनी नवा अर्थ धारण केला. स्तंभावर केवळ ४९ हा आकडा असता, तर हे घडणे दुष्कर होते.

एकसरने तिसरी वाट धरली. नाव विसरले गेले, पक्ष विसरला गेला, युद्धही विसरले गेले. मग शिळांना देवपण आले आणि त्यांना फुले वाहिली जाऊ लागली. ह्या पूजेकडे अज्ञान म्हणून पाहण्याचा मोह अभ्यासकांनी टाळला पाहिजे. नगरविस्ताराच्या रेट्यात तळी बुजली, आमराया तुटल्या, जुन्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या. अशा परिस्थितीत ज्या दगडाला कोणी नमस्कार करीत नाही, तो पायरीला किंवा पायाभरणीला जाण्याची शक्यता अधिक. पूजेने शिळा राखली, हे तिचे ऋण मान्य करावयास हवे. तथापि पूजेने जे राखले ते सामर्थ्य होय, माणूस नव्हे. देवाला नवस करता येतो. त्याच्यासाठी शोक करता येत नाही, आणि त्याच्या मरणाचा जाबही कोणाला विचारता येत नाही. कोरेगावच्या नावांनी जाब विचारला, जर्मन ज्यूंच्या नावांनी विचारला. एकसरचा वीर मात्र पूज्य झाला, आणि म्हणून निरुत्तर राहिला.

६

ह्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की, कृती, नाव आणि संख्या हे स्मरणाचे तीन पर्याय केवळ शैलीचे भेद नव्हेत. प्रत्येक पर्याय पुढील पिढ्यांना वेगळे कार्य करू देतो. कृतीचे चित्र श्रद्धेला आवाहन करते, संख्या अभिमानाला किंवा हिशेबाला, आणि नाव दाव्याला व जबाबदारीला. एकसरच्या शिल्पकाराने मृत्यूचे जे भव्य चित्र उभे केले, त्याची सर जर्मन गावातल्या एखाद्या सामान्य नामस्तंभाला येणार नाही. परंतु त्या स्तंभापुढे उभ्या असलेल्या माणसाला जे विचारता येते, ते एकसरच्या शिळेपुढे विचारता येत नाही. सौंदर्याचा निकष आणि स्मरणाचा निकष येथे परस्परांपासून अलग होतात, आणि समीक्षकाने दोन्ही निकष जवळ बाळगणे अगत्याचे ठरते.

यातून काही कर्तव्येही सूचित होतात. एकसरच्या शिळांचे वाचन आजवर बव्हंशी जुन्या वर्णनांवर विसंबून होत आले आहे. प्रत्येक शिळेचे पटवार रेखाटन, शेंदूर व रंगाच्या थरांखाली काही अक्षरे असल्यास त्यांचा शोध, आणि शिळांची पूजा करणाऱ्या कुटुंबांच्या परंपरांची नोंद, ही तिन्ही कामे एकत्र व्हावयास हवीत. ह्यांपैकी तिसरे काम सर्वांत उपेक्षित आहे. शिळेचा पहिला अर्थ सात शतकांमागे हरवला; तिचा दुसरा अर्थ जाणणारी माणसे अजून तेथे राहतात. त्याचबरोबर गावोगावच्या संख्यापाट्यांमागील नावे पलटणींच्या कागदपत्रांतून व घरांतील आठवणींतून गोळा करणे हे महाराष्ट्रातील इतिहासविभागांना सहज पेलण्याजोगे कार्य आहे. ४६ ह्या आकड्याच्या जागी ४६ नावे लिहिता आली, तर शंभर वर्षांपूर्वी पाटी कोरणाऱ्याने जे टाळले ते अंशतः भरून निघेल. एकसरच्या नावाड्यासाठी तेवढेही करता येणार नाही. त्याच्यापाशी केवळ दगडातील एक वाकलेली पाठ आणि पाण्यात बुडविलेले वल्हे आहे. ते नीट पाहणे एवढेच त्याचे स्मरण होऊ शकते.